पहिलं भाड्याचं घर: वेगळा फ्लॅट की आपल्याच घराचा अर्धा भाग?
भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिलं घर घ्यायचं तर एक रस्ता म्हणजे वेगळा फ्लॅट घेऊन पूर्ण भाड्याने द्यायचा, दुसरा म्हणजे दोन भागांचं घर घ्यायचं, एकात आपण राहायचं आणि दुसऱ्यात भाडेकरू.

फ्लॅटचं सुख हे की भाडेकरूचं रोज तोंड बघावं लागत नाही, छत आणि लिफ्टचं काम सगळे मिळून करतात. पण हिशोब इथेच चुकतो, लोक भाडं गुणिले 12 करतात आणि खूश होतात. अहो, वर्षात एकच महिना फ्लॅट रिकामा राहिला तरी 8.3 टक्के उत्पन्न गेलं, वर मेंटेनन्स, टॅक्स, विमा, रंगकाम, आणि लोनचा हप्ता तर रिकाम्या महिन्यातही भरायचाच. हे सगळे खर्च (हप्ता सोडून) वजा करा आणि जे उरतं त्याला रजिस्ट्रेशनसकट घराच्या पूर्ण किमतीने भागा, तो खरा परतावा. तो व्याजदरापेक्षा कमी निघाला तर लोन जितकं मोठं तितकी खिशातून भर पडणार.

दोन भागांच्या घरात भाडं हप्त्याला लागतं, आणि आपण स्वतः तिथेच राहतो म्हणून गळती वगैरे लगेच दिसते. प्रायव्हसी मात्र जाते, रात्री नळ बिघडला की दार आपलंच वाजणार.

तरी मला विचाराल तर नवख्याने दुसराच रस्ता धरावा, भाडेकरू सांभाळायला तिथेच शिकता येतं. फक्त भाडेकरार लेखी करा, ओळखीचा माणूस असला तरी.