ट्रेलरमधला ६० लिटरचा फ्रिज: सात महिने वापरल्यावर

डिसेंबरातल्या पहिल्याच फेरीत काशीदला पोचलो, फ्रिज उघडला, तर दुधाच्या पिशव्या टम्म फुगलेल्या. कोथिंबिरीने मान टाकलेली. आतल्या थर्मामीटरवर १९ अंश. दुधाचं काही वाटलं नाही, पण त्याच कप्प्यात सासूबाईंचा इन्सुलिनचा साठा होता. टोचायचं चालू पेन बाहेर चारेक आठवडे राहिलं तर चालतं, न उघडलेली मात्र २ ते ८ अंशांत हवीत. आई स्वतः शांत होत्या. "अगं, बर्फ घे कुठूनतरी," एवढंच म्हणाल्या. चिडले मी. कारण नववी-दहावीला उष्णता शिकवणारी मी, आणि माझाच फ्रिज मला पाच पैशांचा कळला नव्हता.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर. आमचा छोटा, सेकंडहँड, नोव्हेंबरात घेतलेला. मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा असतो. फ्रिज तीन गोष्टींवर चालतो: घरची वीज, गाडीची १२ व्होल्टची लाइन, नाहीतर गॅस. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोष बहुतेक बसवणाऱ्याचा आणि आमचा निघाला.

हा फ्रिज घरच्यासारखा नाही. यात कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे आवाजही नसतो. मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन गार होतो, त्याचं द्रव होतं आणि आतल्या भागात त्याची वाफ होताना तो तिथली उष्णता शोषून घेतो. १९२२ मध्ये स्वीडनच्या दोन तरुणांनी, फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स यांनी, ही रचना केली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रांत लशी ठेवायला रॉकेलवर चालणारे फ्रिज असायचे, ते याच जातीचे. ज्योत लावून गारवा मिळवायचा, हे आईंना अजून पटलेलं नाही.

आता आकडे. आमचा फ्रिज १२५ वॉट खातो, पण त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण २५ वॉट, थंड करण्याच्या कामी येतो. ३० अंशांचं सहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायचं तर जवळपास ६३० किलोज्यूल काढावे लागतात. २५ वॉटने भागा: सात तास. तेही भिंतींतून आत झिरपणारी उष्णता धरलीच नाही तर. आणि आम्ही काय करत होतो? निघायच्या तासभर आधी फ्रिज लावून त्यात सहा कोमट बाटल्या, सोलकढीचं मोठं भांडं आणि किलोभर टोमॅटो कोंबत होतो.

आता आदल्या दिवशी दुपारीच पार्किंगमधल्या विजेवर लावतो, रिकामा. रात्री झोपताना घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार झालेलं सामान त्यात हलवतो, शिवाय फ्रीझरमधल्या दोन गोठलेल्या बाटल्या. पंधरा-सोळा तासांना दोन युनिट वीज लागते. यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाऊण तास चर्चा झाली. शेवटी आम्ही वेगळा मीटर बसवून घेतला आणि दर महिन्याला पैसे भरतो. सेक्रेटरी अजून लिफ्टमध्ये "काय, फ्रिज गार झाला का?" विचारतात.

पण खरी भानगड फ्रिजच्या पाठीमागे होती. आतली उष्णता मागच्या पत्र्यांवाटे बाहेर जाते. त्यासाठी ट्रेलरच्या भिंतीला खाली एक आणि वर एक जाळी असते. खालून गार हवा शिरावी, तापून वर चढावी आणि वरच्या जाळीतून निघून जावी. आमच्याकडे बसवणाऱ्याने फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये चांगली चार बोटं जागा सोडली होती. वाटलं, बरंच झालं की, जागा आहे! उलट झालं होतं. हवा मोकळ्या जागेतून सरळ वर निघून जात होती, तापलेल्या पत्र्यांना शिवतही नव्हती. शिवाय फ्रिजच्या माथ्यावर बंद कोनाडा होता, तिथे गरम हवा साचून बसायची. आणि दोन्ही जाळ्यांना आतून डासांची बारीक जाळी ठोकलेली. मुंबईचा माणूस, डासांचा विचार आधी करणार. त्या जाळीवर धुळीची अशी लादी जमली होती की फुंकर मारली तरी पलीकडे जाईना.

मग एक अख्खा रविवार त्यात गेला. डासांची जाळी काढून मोठ्या भोकांची तारजाळी लावली. फ्रिजच्या माथ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिरका वाकवून बसवला, म्हणजे गरम हवा कोनाड्यात न शिरता घसरत वरच्या जाळीकडे जाईल. बाहेरच्या भिंतीकडून दुसरा पत्रा आत रेटून हवेला फ्रिजच्या पाठीला चिकटून जायला लावलं. बर्नर आणि त्याच्या धुराड्याजवळ फोम, रबर, काही म्हणजे काही लावायचं नाही, तिथे फक्त पत्रा. लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचे १२ सेंटीमीटरचे दोन पंखे आणून हवा वर ढकलतील असे लावले. बाहेर ३१ अंश असताना आत १३ वर अडलेला काटा त्या रात्री ७ वर आला. मी पहाटे उठून टॉर्च घेऊन बघायला गेले होते, वॉचमनला चोर वाटला.

थर्मामीटर हवेत टांगू नका, पेलाभर पाण्यात बुडवून ठेवा. नाहीतर दार उघडलं की हवेचा आकडा उडी मारतो आणि जीव उगाच वरखाली होतो. पेनं दारातल्या कप्प्यात ठेवते. आतल्या मागच्या बाजूच्या थंड पट्ट्यांना टेकली तर गोठतील आणि गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

गाडीच्या लाइनवर हा फ्रिज थंड होत नाही, झालेला थंडावा टिकतो, इतकंच. आमच्याकडे तोही टिकत नव्हता. मोजलं तर इंजिन चालू असताना बॅटरीशी १३.८ व्होल्ट आणि फ्रिजपाशी १२.२. दीड चौरस मिलिमीटरची वायर, सहा मीटर जायला, सहा मीटर यायला, त्यातून दहा अँपिअर. फ्रिजमधल्या तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती पाचव्या हिश्श्याने कमी झाली. नवऱ्याने लोहार चाळीतून सहा चौरस मिलिमीटरची वायर आणली, आता १३.३ मिळतात. इंजिन बंद झालं की फ्रिजची लाइन तोडणारा रिलेही बसवला, कारण कार्ल्याला एकविरेच्या रांगेत चार तास गेले तेव्हा खाली फ्रिजने गाडीची बॅटरी पिऊन टाकली होती. एका टेम्पोवाल्या दादांनी वायर जोडून गाडी चालू करून दिली, आणि आत किती भाज्या आहेत तेही विचारून घेतलं.

गॅसवर सगळ्यात छान चालतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नर साफ करायचा. गाडी चालताना आणि पेट्रोल पंपावर गॅस बंद, यात चर्चा नाही.

भंडारदऱ्याला वेगळाच धडा. बाहेर मस्त गारवा, गॅस व्यवस्थित, तरी सकाळी आत १४. ट्रेलर तलावाकडे कलता उभा होता. नळ्यांतलं द्रव आपल्या वजनाने वाहतं, त्याला पंप नाही. चालत्या गाडीत हेलकाव्यांनी निभावतं, पण तासन्‌तास तिरकं उभं राहिलं तर प्रवाह थांबतो आणि तापत राहिल्यास नळी कायमची चोंदू शकते. आता फ्रिजच्या तळाशी गवंड्याची स्पिरिट लेव्हल ठेवून, चाकाखाली फळ्या सारून बुडबुडा मध्ये आणल्याशिवाय मी गॅस लावू देत नाही. चहा त्यानंतर.

मे महिन्यात परत काशीद. फ्रिजची बाजू सावलीत येईल असा ट्रेलर लावला. दुपारी तीनला बाहेर ३५ आणि आत ९, रात्री ५. दुपारचा तो एक अंश मला अजून खुपतो. पेनांसाठी म्हणून थर्मास जवळ ठेवतेच. दमट हवेमुळे दर वेळी दार उघडलं की वाफ आत जाते, दोन दिवसांत बर्फाचा थर जमतो आणि थर जमला की गारवा अडतो. तीन-चार मिलिमीटर झाला की फ्रिज बंद करून पुसून काढते. बर्फाचा ट्रे जमायला अख्खी रात्र लागते, त्यामुळे संध्याकाळी गार सरबताची हौस असणाऱ्यांनी आशा सोडावी. रोज फिरणाऱ्याला, सोलर पॅनेल आणि मोठी बॅटरी असेल तर, मी कॉम्प्रेसरवालाच घ्या म्हणेन. आमचं महिन्यातून एकदा, गॅसवर, आवाजाविना. आम्हाला हा पुरतो.

मासळी मात्र त्यात नाही. सुरमई घेतली की ती बर्फ घालून थर्माकोलच्या पेटीत. फ्रिजच्या दारापाशी खुर्ची टाकून आई बसलेल्या असतात. "काय हवंय ते आधी आठव, मग हात लाव," म्हणतात, आणि नातवाला तर पाण्याची बाटलीही स्वतः काढून देतात.