गोखले रोडवरचे केबलवाले काका आणि आमचा काळा होणारा टीव्ही

मी ऐरोलीला राहतो पण टीव्हीच्या एचडीएमआय केबलसाठी (बॉक्समधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी वायर) ठाण्यात गेलो, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत छोटंसं दुकान आहे, बोर्डापेक्षा बाहेर टांगलेल्या वायरीच जास्त दिसतात. मुद्दाम लिहितोय कारण हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे साडेतीन हजार वाचले असते.

दिवाळीत ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. शोरूमचं नाव नको, पण तिथल्या मुलाने सोबत १० मीटरची एचडीएमआय केबल गळ्यात मारली, सोन्याचा मुलामा, वरून नायलॉनची वेणी, म्हणे सर हिच्याने कलर खुलतात. सेट-टॉप बॉक्स ठेवायचं आमचं युनिट बाजूच्या कोपऱ्यात, म्हणून इलेक्ट्रिशियनने ती पीओपीमागच्या पाइपातून ओढून दिली. दोन दिवसांनी मॅच बघताना स्क्रीन मधेच दोन सेकंद काळी, मग चित्र, परत काळी. कधी कधी पांढरे ठिपके चमकायचे, कोणीतरी अक्षता उधळल्यासारखे. सर्व्हिसवाला आला आणि सॉफ्टवेअर अपडेट मारून गेला, फरक शून्य.

काकांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी विचारलं काय लावलंय, केबल किती लांब, भिंतीत आहे का. मग म्हणाले, "टीव्ही ठीक असणार. बॉक्सबरोबर आलेली छोटी केबल असेल ना घरी? बॉक्स टीव्हीपाशी नेऊन तीच लावून बघ, काळं नाही झालं तर मग ये माझ्याकडे." त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही, मला तिथेच माणूस पटला. घरी स्टुलावर बॉक्स ठेवला, छोटी केबल लावली, आख्खा पिक्चर बघितला, एकदाही काळं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पाइपाच्या वाटेने सुतळी मोजून गाठ मारून घेऊन गेलो. काउंटरवरच्या पट्टीवर भरली ६ मीटर, म्हणजे ४ मीटर केबल युनिटमागे उगाच गुंडाळून पडलेली. तांब्याच्या केबलला लांबीच मारते असं काका म्हणाले. सिग्नल डिजिटल आहे, तो नीट पोचला तर चित्र जसंच्या तसं, नाही पोचला तर ठिपके नाहीतर काळं, भारी केबलने रंग खुलणं वगैरे काही नसतं. सोन्याचा मुलामा गंज लागू नये म्हणून असतो, आणि आमच्याकडे खाडीच्या हवेत एसीची कॉइल कशी जाते ते बघितलंय, त्यामुळे तो नको असं मी म्हणणार नाही, पण तीनशेच्या केबललापण तो मिळतो.

खरं बघायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १०.२ गिगाबिट डेटा नेणारी, प्रीमियम हाय स्पीड १८, अल्ट्रा हाय स्पीड ४८. फोर-के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) १८ वाली पुरते. माझा भाऊ सुट्टीत पीएस फाइव्ह (गेम खेळायचं मशीन) आणतो, त्याला १२० हर्ट्झ हवं, म्हणून अल्ट्रा. नुसतं "२.१ केबल" (२.१ ही एचडीएमआयची आवृत्ती) छापलेलं असलं तर त्यावर जाऊ नका, अल्ट्राचं क्यूआर कोडवालं लेबल बघा, काकांनी माझ्यासमोर मोबाइलवर स्कॅन करून दाखवलं. माझ्या जुन्या पाकिटावर सोनेरी अक्षरात नुसतं एट-के होतं, लेबलचा पत्ता नाही.

६ मीटरसाठी त्यांनी फायबरवाली दिली, म्हणजे तांब्याऐवजी बारीक तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी, अठ्ठावीसशे. तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स (म्हणजे बॉक्स), दुसऱ्याला डिस्प्ले (म्हणजे टीव्ही), उलटी लावली तर चालत नाही, आणि कोपऱ्यात काटकोनात मुडपायची नाही. पाइपात घालायच्या आधी जमिनीवर पसरून रात्रभर चालवून बघ असं बजावून सांगितलं, तसंच केलं. महिना झाला, एकदाही काळं झालं नाही.

सगळ्यात मोठा फायदा मात्र बाबांना झाला. साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) ऑप्टिकलने, म्हणजे फक्त आवाज नेणाऱ्या वायरने, जोडलेला होता, आवाजासाठी वेगळा रिमोट, आणि बाबांना कमी ऐकू येतं तर दर पाच मिनिटांनी तो शोधणं चालू. काकांनी सांगितलं टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारला पाठवणारी सोय) लिहिलंय तिथून साउंडबारला एचडीएमआय लाव आणि सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय) चालू कर. घरातलीच जुनी हाय स्पीड केबल चालली, एक रुपया लागला नाही. ऑप्टिकलवरून साधा डॉल्बी ५.१ (चहूबाजूंनी येणारा आवाज) जातो पण अ‍ॅटमॉस (वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) जात नाही, एआरसीवर आमच्या साउंडबारला तोही मिळाला. बाबांना त्याचं काही नाही, एका रिमोटने बातम्यांचा आवाज वाढतो यातच ते खूश.

दुकानाची अडचण सांगायची तर गाडी लावायला जागा नाही, ट्रेनने जा, स्टेशनवरून चालत जाता येतं. पाकीट फोडल्यावर पैसे परत देत नाहीत, आठवड्यात बदलून देतात, तेव्हा बिल घ्या. रविवारी बंद. आणि सुतळी मोजूनच न्या.