‘निम्म्यात चलान मिटवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटची पावती

हातात छापील पावती, वर तीन सिंहांची मुद्रा, खाली निळ्या शिक्क्यात ‘प्रकरण निकाली’, आणि तरी गाडीवरची चलानं जशीच्या तशी थकीत. पुण्यात हे सध्या व्यवस्थित धंदा म्हणून चाललंय. थकीत चलानं तडजोडीने मिटवणाऱ्या लोक अदालतीची तारीख जवळ आली की ही एजंट मंडळी टेबलं टाकून बसतात. आमच्याकडून साडेसहा हजार नेले. रक्कम काही फार मोठी नाही, पण पद्धत इतकी घोटून तयार केलेली आहे की सविस्तर सांगायलाच हवी.

आमचं केटरिंगचं काम आहे. एक छोटा टेम्पो, त्याच्यावर सगळं. मंगल कार्यालयापुढे गाडी लावायला जागा नसते, त्यामुळे नो पार्किंगची चलानं येतात. सिग्नलला चाक झेब्रा क्रॉसिंगवर गेलं की कॅमेरा टिपतो. दोनतीन वर्षांत अशी अकरा चलानं साचली होती, मिळून साडेअकरा हजारांची. एसएमएस यायचे, लग्नसराईत कोण बघतंय!

एजंट झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसायचा. ‘आरटीओची सर्व कामे’ असा फ्लेक्स, लॅपटॉप, छोटा प्रिंटर. त्याने आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली आणि दोन मिनिटांत अकराच्या अकरा चलानांची यादी फोटोंसकट छापून समोर ठेवली. कोणालाही वाटेल की याचे हात वरपर्यंत पोचलेले आहेत. तसं काही नसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की ही यादी कोणालाही दिसते. आरसीवर दोन्ही नंबर असतात. आरसी मागायची ती त्यासाठी.

मग भीती. “ताई, तुमची गाडी जप्तीच्या यादीत आलीय. कमर्शियल आहे ना, उचलली की यार्डात. सीझनमध्ये कुठे फिरणार सोडवत?” ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मुलीकडच्या दोन मोठ्या ऑर्डरी समोर होत्या, हे एजंटला ड्रायव्हरशी गप्पा मारतानाच कळलेलं होतं.

या जप्तीच्या बागुलबुवाबद्दल नंतर एका वकिलांनी नीट सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ मध्ये गाडी ताब्यात घेण्याची कारणं दिलेली आहेत: चालवणाऱ्याकडे लायसन्स नसणं, त्याचं वय न बसणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिट नसणं किंवा परमिटच्या अटी मोडणं. सिग्नलच्या कॅमेऱ्याचं चलान थकलं, हे कारण त्यात नाही. चलान कोर्टात जाऊ शकतं, नाक्यावर अडवून भरायला लावतात, गाडी विकताना अडचण येते, हे सगळं खरं. पण ‘जप्तीची यादी’ म्हणून जे छापून दाखवतात ती तीच साइटवरची थकीत चलानांची यादी, वर लाल अक्षरांत शीर्षक चढवलेली.

आता त्याची खरी चलाखी. त्याने अकरापैकी एक पाचशेचं चलान आमच्यासमोर खरंच भरलं. सरकारी साइटवरून, स्वतःच्या फोनने. लगेच आमच्या मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचा एसएमएस आला, साइटवर त्या चलानापुढे ‘भरले’ दिसायला लागलं. “हे सुट्टं होतं म्हणून थेट भरलं. बाकीची दहा लोक अदालतीत एकत्र निम्म्यात बसवतो. माझी फी धरून सगळे मिळून साडेसहा हजार.” पाचशे रुपये टाकून माणसाने सहा हजारांचा विश्वास विकत घेतला. असा हिशेब मांडणाऱ्याला दुसरा कुठला धंदा जमला नसता असं नाही.

पैसे घेताना क्यूआर कोड पुढे केला. स्कॅन केल्यावर नाव आलं ते एका मोबाइल शॉपीचं. विचारलं तर उत्तर तयार: “कोर्टाचं खातं सुट्टीच्या दिवशी पैसे घेत नाही, हे आमच्या पार्टनरचं.” चार दिवसांनी पावती घरपोच. पावतीवरही क्यूआर. तो स्कॅन केला की एक पान उघडायचं, आमच्या गाडीचा नंबर, दहा चलानं, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. पानाच्या पत्त्यात ‘ई-चलान’ हा शब्द होता, ‘महा’ होतं, ‘ट्रॅफिक’ होतं. शेवटी फक्त सरकारी साइटचं ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ नव्हतं. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, शेपूट बाहेर राहतं.

फुटलं ते नाकाबंदीत. टेम्पोत तीनशे पानांचा स्वयंपाक, श्रीखंडाचे डबे बर्फात, मुहूर्त साडेबाराचा. हवालदारांनी मशीनमध्ये नंबर टाकला, दहा चलानं थकीत. ड्रायव्हरने पावती काढली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, क्यूआर स्वतःच्या फोनने उघडला आणि ड्रायव्हरच्या फोनवरून मला म्हणाले, “ताई, या महिन्यात हे असलं तिसरं बघतोय मी.” चांगले होते बिचारे. दोन चलानं तिथल्या तिथे ऑनलाइन भरून घेतली आणि गाडी सोडली. श्रीखंड पातळ व्हायच्या आत पोचलं, एवढंच त्या दिवसाचं नशीब.

एजंटला फोन केला तर आधी सर्व्हर अपडेट होत नव्हता. मग कोर्टाचा क्लार्क रजेवर. मग, “अर्जंट करायचं तर दोन हजार आणखी लागतील.” त्यानंतर नंबर ब्लॉक. झेरॉक्सवाला म्हणे, तो भाड्याने टेबल लावायचा, आम्हाला काय माहीत.

मग आम्ही प्रत्येक चलान शांतपणे उघडून फोटो बघायला बसलो, तेव्हा आणखी एक गंमत. दोन फोटोंत आमचा टेम्पोच नव्हता! एकात पांढरी स्कूटर, मागे हेल्मेट न घातलेली बाई. नंबर आमच्यासारखाच, फक्त आमच्या ३ च्या जागी ८, प्लेटवर चिखल. दुसरा फोटोही त्याच स्कूटरचा, वेगळ्या चौकातला. म्हणजे एजंटने दुसऱ्याच्या गुन्ह्याचेही पैसे आमच्याकडून घेतले होते, आणि ‘निम्म्यात’च्या नादात खरोखर भरले असते तरी ते आम्हीच भरले असते. साइटवर आणि महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. आरसी आणि टेम्पोचे फोटो जोडून ती केली. वेळ लागला, पण दोन्ही रद्द झाली. कॅमेऱ्याच्या चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, जागा, तारीख, वेळ, लावलेलं कलम हे सगळं असायला हवं, तसा केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ पासून नियम १६७-अ आहे. एजंटच्या छापील यादीत फोटो टपाल तिकिटाएवढे होते. त्यात स्कूटर की टेम्पो हे कळूच नये अशी सोय.

लोक अदालतीबद्दलही. ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरते, तिला कोर्ट फी नाही आणि एजंटची गरज नाही. गाडीचे कागद घेऊन मालकाने स्वतः जायचं. तडजोड किती होईल ते तिथे ठरतं. त्यामुळे तारखेच्या आधीच ‘पन्नास टक्के पक्के’ म्हणणारा माणूस थाप मारतोय. आमची पावती तर अदालत भरायच्या आठवडाभर आधीच्या तारखेची होती. घरातल्या चार सुशिक्षित माणसांनी ती हाताळली, कोणाच्याही लक्षात आलं नाही. शिक्का बघतात सगळे.

याच कुळातला दुसरा प्रकार व्हॉट्सॲपवर येतो: ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढे जातात. वाहतूक पोलिस एपीके पाठवत नाहीत. माझ्या मावसभावाच्या शेजाऱ्यांचं खातं असंच रिकामं झालं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम.

तक्रार आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर केली, नंतर पोलिस ठाण्यात. फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि राजमुद्रेचा गैरवापर, तिन्हीचा उल्लेख अर्जात केला. राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदाच आहे. बँकेने हात वर केले, कारण पैसे आम्ही स्वतः पाठवले होते. १९३० ला आधी यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर विचारतात. पैसे गेलेलं खातं गोठवायचं तर वेळेचं महत्त्व फार, आणि या धंद्याची हुशारी हीच की बनावट पावती तुम्हाला महिनाभर गप्प बसवते. आम्ही तक्रार केली तोवर त्या मोबाइल शॉपीच्या खात्यात काही उरलेलं नव्हतं.

पुण्यात कोणाकडे अशी पावती असेल, तर तिच्यावरचा क्यूआर उघडू नका. ब्राउझरमध्ये महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे चार आकडे टाका. तिथे थकीत दिसलं तर पावती फाडू नका, पुरावा म्हणून लागते. आमच्या तक्रारीला जोडायला अजून दोघंजण पुढे आलेत, दोघांच्या पावतीवर तोच शिक्का आणि ‘निकाली’ मधली तीच चुकलेली वेलांटी आहे.