पाव इंचाचा पाना पाव इंचाचा नसतो

बेळगावात खडे बाजाराच्या मागच्या अंगाला, दुचाकी लावायलाही जागा नाही अशा बोळात जुन्या हत्यारांचं एक दुकान आहे. पाटी नाही. दारात बैलगाडीची लोखंडी धाव टांगलेली आहे, तीच खूण. शनिवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत मावशींना मान वर करायला सवड नसते.

उद्यमबागेत सत्तावीस वर्षं लेथवर काढल्यामुळं पाना म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, अशा तोऱ्यात मी होतो. तो तोरा नंदगडच्या मामांच्या मॉरिस टेन या जुन्या इंग्रजी मोटारगाडीनं उतरवला. सिरीज एम, ११४० सीसीचं इंजिन, गोठ्याशेजारी कित्येक वर्षं बंद. बोल्टला १३ चा पाना जाईना, १४ चा गरगर फिरे. दोन डोकी गोल करून ठेवल्यावर मी हा बोळ गाठला.

"मला ह्यातलं काय कळत नाही बगा दादा," मावशी म्हणाल्या. "मालक गेल्यापास्नं मीच बसतो. तांबडा रंग लावलेलं इंची, बिनरंगाचं एमएम. एवढंच सांगून गेलेत."

खरी गोम त्या तांबड्या डब्यातच आहे. त्यात दोन जातींचे पाने एकत्र पडलेत, आणि दोन्हींवर आकडे सारखेच. एक एएफ, म्हणजे 'अक्रॉस फ्लॅट्स': त्या पान्यावरचा आकडा म्हणजे जबड्याचं माप. दुसरी व्हिटवर्थ, जुन्या ब्रिटिश मापाची: त्या पान्यावरचा आकडा म्हणजे बोल्टच्या दांड्याचा व्यास, जबडा त्याहून कितीतरी मोठा. पाव इंची, म्हणजे आपल्या दोन सुताच्या व्हिटवर्थ पान्याचा जबडा ०.५२५ इंच, १३.३ मिलिमीटर भरतो. माझा १३ चा का जात नव्हता आणि १४ चा का फिरत होता, ते तिथं उभ्या उभ्या कळलं. एकाच जबड्याशी '१/४ डब्ल्यू' आणि '५/१६ बीएस' असं दोन्ही कोरलेलं दिसलं तर ती चूक समजू नका. बीएस म्हणजे बीएसएफ, बारीक आट्यांचा ब्रिटिश बोल्ट. त्याचं डोकं एक माप लहान ठेवत, म्हणून एकच पाना दोघांना चालतो.

अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन किंवा जुनी विलीज जीप असेल तर व्हिटवर्थच्या नादी लागू नका, तिथं एएफ लागतो. फियाटवाल्यांनी बिनरंगाचा डबा बघावा.

मला किंग डिक या ब्रिटिश छापाचे तीन पाने मिळाले, एक गोगलगाय छापाचा, आणि एकावर बाणाची खूण आणि खाली ४३. तो बाण ब्रिटिश लष्कराच्या मालाचा. आपल्या कॅम्पातल्या कुठल्यातरी लिलावातून फिरत आला असावा, असा माझा अंदाज. नगाला १८० रुपये सांगितले, पाच घेतले तर ७५०. घासाघीस केली नाही. नव्या चकचकीत सेटपेक्षा यांचा जबडा पातळ आहे, अडचणीत बरोबर शिरतो.

घेताना खिशात गाडीचा एक नट न्या आणि तो प्रत्येक जबड्यात बसवून बघा. कुणीतरी कानशीनं घासून एमएमला बसवलेले दोन पाने मला त्याच डब्यात सापडले, आकडा मात्र जुनाच. बफ मारून चमकवलेला शक्यतो टाळा, खुणा पुसलेल्या असतात. तड्याचा संशय आला तर घरी रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड लावा. तडा असेल तिथं ओली रेघ उमटते.

आता माझी फजिती. डोकं व्हिटवर्थ पान्याचं, म्हणजे आटेही इंचीच, असं धरून मी तिथूनच ५/१६ बीएसएफचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, घेतला आणि ब्लॉकच्या एका भोकात घातला. दोन आटे सुरळीत गेला, मग जड झाला. मी हँडलवर जोर दिला आणि आटे मेले. पुढं कळलं की मॉरिसच्या या इंजिनांचे आटे मेट्रिक आहेत! पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्रीत आली. ती नंतर मॉरिससाठी इंजिनं करू लागली आणि १९२३ साली मॉरिसनं ती शाखाच विकत घेतली. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून डोकी व्हिटवर्थची. माझा बोल्ट ८ मिलिमीटर, १ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतराचा होता. टॅप इंचाला २२ आट्यांचा. पिच गेज माझ्या पेटीत होता, काढायचा कंटाळा केला. भोक वाढवून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागली. यात दुकानाचा दोष नाही, टॅप अजून धारदार आहे.

दोष आहे तो मोजमापाच्या सामानात. मायक्रोमीटर मावशी उघड्यावर, घण-छिन्नीच्या ढिगात ठेवतात. मी घेतलेला इंची मायक्रोमीटर पूर्ण मिटवला तरी दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, दाखवतो. शून्य लावायची किल्ली नाही. परत न्यायला गेलो तर, "लोखंड दिलं की दिलं, दादा." भोक नेमक्या मापाला आणायच्या, हातानं फिरवायच्या रीमरची दोन पाती गायब होती, ते मात्र मीच आधी बघायला हवं होतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा सी-क्लँप चांगला निघाला, ३५० रुपयांत.

गंज काढायला ॲसिड नको. आपल्याकडं साखर कारखाने पावलोपावली आहेत. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आठ-दहा दिवस. वासानं बायको बोलते, पण कोरलेली अक्षरं शाबूत राहतात. ॲल्युमिनियम त्यात टाकू नका.

५/१६ डब्ल्यूचा रिंग पाना अजून मिळाला नाही. मावशींनी माझा फोन नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय आणि पुढं नाव घातलंय, 'तांबडा दादा'.