पेगेलऑनलाइन आणि एल्विस: युरोपातल्या नदी-क्रूझसाठी काही महिने वापरून

ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवरची क्रूझ बुक केली की ‘पाण्याच्या पातळीनुसार कार्यक्रम बदलू शकतो’ एवढं छापील वाक्य हातात पडतं. पातळी नेमकी किती, हे जर्मन सरकारच्या दोन मोफत साइट्सवर कुणालाही दिसतं. ‘पेगेलऑनलाइन’वर नदीकाठच्या मापनकेंद्रांचे ताजे आकडे असतात, तर ‘एल्विस’वर पुढच्या काही दिवसांचा अंदाज आणि बोटचालकांसाठीच्या सूचना. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही ऋतूंत वापरून झालेलं मत: साइट्स रुक्ष आहेत, बऱ्याचशा जर्मनमध्ये आहेत (ब्राउझरचं भाषांतर पुरतं), पण भरवशाच्या आहेत. फक्त आकडा वाचता यायला हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पेगेलचा, म्हणजे मापनकेंद्रावरच्या पट्टीचा, आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ऱ्हाइनवर काउबचं केंद्र बघायचं, कारण मधल्या ऱ्हाइनचा सगळ्यात उथळ टप्पा तिथे आहे. काउबला 78 सेमी दिसतं तेव्हा बोटींच्या मार्गात साधारण 190 सेमी पाणी असतं, म्हणजे आकड्यात ढोबळमानाने 112 मिळवायचे. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथे 25 सेमी हा नीचांक नोंदला गेला. 135 मीटर लांबीच्या प्रवासी बोटी साधारण दीड मीटर पाण्यात बुडालेल्या असतात, तेव्हा आकडा 40 च्या आसपास आला की खरी काळजी. काउब 60 चा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून सगळ्यांची झोप उडवायचं कारण नाही.

डॅन्यूबवर हिशेब उलटा. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफन हा सुमारे 70 किमीचा पट्टा धरणांनी अडवलेला नाही, म्हणून तिथलं फेलिंग केंद्र महत्त्वाचं. तिथे 290 म्हणजे खोली जेमतेम दोन मीटर. काउबला 290 असेल तर निर्धास्त राहावं, फेलिंगला त्याखाली गेलं की लक्ष ठेवावं.

पूर आला तर अडचण पुलांची होते, कारण बोटीला खालून जायला पुरेशी उंची उरत नाही. काउबला 460 ओलांडलं की वेगावर बंधनं येतात, 640 ला वाहतूकच बंद. कंपन्या जूनला हमखास चांगला महिना म्हणून विकतात, पण डॅन्यूबवरच्या पासाउ शहराचा 2013 चा महापूर जूनमधलाच. सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियात डॅन्यूबची वाहतूक थांबली, तेव्हा बोटी व्हिएन्नात अडकून पडल्या. ऱ्हाइनवर थोडी आगाऊ सूचना मिळते: वरच्या अंगाला माक्साउचा आकडा चढायला लागला की एक-दोन दिवसांत काउबला परिणाम दिसतो.

या साइट्सनाही जे आधी कळत नाही ते म्हणजे लॉकचे (बोटींना वरच्या-खालच्या पातळीत नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या कप्प्यांचे) अपघात. डिसेंबर 2024 मध्ये मोझेल नदीवर म्युडेनला मालवाहू बोट लॉकच्या दरवाज्यावर आदळली आणि वरच्या बाजूला कितीतरी बोटी अडकल्या. तिथे आकडा कितीही चांगला असून उपयोग नव्हता. एल्विसवर बंदची सूचना येते, पण घडून गेल्यावर. लॉकच्या ठरलेल्या दुरुस्त्या मात्र आधी दिसतात, त्यामुळे बुकिंगपूर्वीच तपासाव्यात.

आकडा बिघडताना दिसला म्हणून बुकिंग रद्द करू नये. कंपनीने रद्द केलेलं नसताना आपण रद्द केलं तर दंड आपल्याच माथी. बहुतेक वेळा अडलेल्या टप्प्याच्या पलीकडे त्याच कंपनीची जुळी बोट असते. मधलं अंतर बसने कापायचं, सामान सकाळी केबिनबाहेर ठेवायचं. त्या दिवशीची औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. पासपोर्ट रिसेप्शनकडे जमा असेल तर बस सुटण्याआधी स्वतः मागून घ्यावा. बदलाबदलीच्या धांदलीत तोच विसरला जातो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी दोन गोष्टी. बुडापेस्टच्या खाली सर्बियाचा थांबा असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, कारण सर्बिया शेंगेनबाहेर आहे. बोटीऐवजी बस आली तरी सीमा तीच. दुसरं, व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोंचा विमा वैद्यकीय खर्चाचा असतो. हुकलेला किल्ला किंवा जास्तीची हॉटेलची रात्र त्यात बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर बघावं लागतं.

पैशांचं: पॅकेज युरोपीय संघातल्या आयोजकाकडून घेतलं असेल, तर 2015 च्या पॅकेज निर्देशानुसार पूर हे कारण असलं तरी न मिळालेल्या सेवेपुरती किंमत कमी करून मागता येते. नुकसानभरपाई वेगळी, ती अशा वेळी सहसा मिळत नाही. इथल्या एजंटाकडून घेतलं असेल तर त्याच्या कराराच्या अटी आधी वाचाव्या लागतात. कोणता टप्पा बसने झाला, कोणती रात्र बोटीवर एकाच धक्क्याला गेली, याची तारखेनिशी नोंद ठेवून तक्रार बोटीवर असतानाच मॅनेजरला लेखी द्यावी. सोबत त्या दिवशीच्या पेगेलचा स्क्रीनशॉट जोडावा, कारण पेगेलऑनलाइनवर मागचे आकडे मर्यादित दिवसच राहतात.