कोल्हापुरात दसरा चौकाजवळचं बोर्डिंग: सगळं चांगलं, पण मे महिन्यात कुठं जायचं?

घर नसलेल्या पोराला कॉलेजात घालायचं असेल तर हे बोर्डिंग जरूर बघा. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते वाचूनच ट्रंक उचला.

मी राजारामपुरीत खानावळ चालवते. आमच्याकडं कामाला असलेलं पोरगं १८ पूर्ण झाल्यावर बालगृहातनं बाहेर पडलेलं. बारावी झाली, बी.कॉम.ला नंबर लागला, पण झोपायला आमचा पोटमाळा. एका वसतिगृहानं रेशनकार्ड नाही म्हणून परत पाठवलं. इथल्या रेक्टर सरांनी पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच करा सही." नातं काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "खानावळ लिहा की." तसंच लिहिलंय, फॉर्म अजून फायलीत आहे.

वर्षाची फी माझ्याकडच्या एका महिन्याच्या मेसपेक्षा थोडीच जास्त. एका खोलीत चार लोखंडी कॉट. अभ्यासिका रात्रभर उघडी, हे मला सगळ्यात आवडलं. गरम पाणी उशिरा उठणाऱ्याला मिळत नाही. जेवणाबद्दल मी बोलणारच, धंदाच तो आहे. भाकरी हातची आणि गरम, आमटी मात्र ताटात पळते. रविवारी मटण असतं, तांबडा रस्सा मिळतो, पांढऱ्याचं नाव काढू नका. फ्लॉवर किती वेळा करायचा यालाही काही मर्यादा पाहिजे!

आता कापलेला तारा. दिवाळीत आणि मे महिन्यात बोर्डिंग बंद. फळ्यावर नोटीस लागते, 'विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जावे.' आमच्या पोराला गावच नाही, तो जाणार कुठं? दिवाळीत रेक्टर सरांनी त्याला वॉचमनच्या खोलीत ठेवून घेतलं. पण ती त्यांची माया झाली, नियम नव्हे. उद्या त्यांची बदली झाली की संपलं. मेमध्ये पोरगं परत माझ्या पोटमाळ्यावर.

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढं लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं झाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. खेड्यातली पोरं शिकली ती यामुळंच. पण त्या पोरांना सुट्टीत जायला खेडं होतं. सगळी घडी बसली ती त्याच हिशोबानं, आणि सरकारी योजनाही त्याच वळणाच्या. स्वाधार योजना घ्या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात, मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत. योजना चांगलीच आहे. पण विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नको. म्हणजे कोल्हापुरातच वाढलेली, कोल्हापुरातच शिकणारी आणि डोक्यावर छप्पर नसलेली पोरगी त्यात बसत नाही.

आमच्या पोराचा तर जातीचा दाखलाच नाही, आईबापच माहीत नाहीत. अशांनी अनाथ प्रमाणपत्र आधी काढावं, बाकी सगळं नंतर. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, ते या कागदाशिवाय मिळत नाही. शिवाय बालगृहातनं बाहेर पडलेल्यांना २१ वर्षांपर्यंत, अडचण असेल तर २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावर पायावर उभं राहीपर्यंतची, मदत मिळू शकते. हे त्याला बाहेर पडताना कुणी नीट समजावलं नव्हतं.

बोर्डिंगच्या संचालकांना एकच सांगणं. दोन खोल्या बारा महिने उघड्या ठेवा आणि तसं नियमात लिहा. सुट्टीत त्या पोरांचं जेवण माझ्याकडं, दोन्ही वेळचं. पाचवा तारा त्याच दिवशी देते.

जाणाऱ्यांनी गादी आणि कुलूप स्वतःचं न्यावं. जिन्याजवळची खोली घेऊ नका, रात्री चपलांचा आवाज लई येतो.