992 युरोंत महिना: लाइपझिग, म्युनिक की डब्लिन?

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर 2024पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिना 992. आयर्लंड राहण्या-खाण्यासाठी वर्षाला 10,000 युरोंचा पुरावा मागतं. एवढ्यावरून आयर्लंड स्वस्त समजून बरेच जण कर्जाचा आकडा ठरवतात आणि पुढे अडकतात. हे व्हिसाचे आकडे आहेत, तिथल्या भाड्याशी त्यांचा संबंध थोडाच.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये हॉस्टेलची खोली साधारण 300 ते 350, आरोग्य विमा 150च्या आसपास, किराणा 200-220. सेमिस्टर फी महिन्यावर वाटली आणि मोबाइल धरला, तरी 800च्या आत भागतं. म्युनिकला शेअर फ्लॅटमधली खोलीच 750-800 खाते. विमा आणि किराणा मिळवला की 992 ओलांडलेच. डब्लिनला स्वतंत्र खोली 900च्या पुढे, सगळं धरून महिना 1,200-1,250. दोघांत एक खोली घेतली तर भाडं 500-600वर येतं, पण अभ्यासाला जागा उरत नाही. किराण्यात फारसा फरक नाही. आल्डी आणि लिडल ही स्वस्त सुपरमार्केट दोन्ही देशांत आहेत. तूरडाळीचा हट्ट सोडून मसूर घेतलीत तर दोन्हीकडे वाचतं.

जर्मनीत खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे एकदम काढता येत नाहीत. दरमहाचे पैसे मिळायलाही तिथलं बँक खातं लागतं, खात्यासाठी बहुतेकदा पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, आणि नोंदणीला घरमालकाची सही असलेला फॉर्म. आठवड्याच्या बोलीवर घेतलेल्या खोलीचा मालक हा फॉर्म सहसा देत नाही आणि सगळी साखळी तिथेच तुटते. त्यात डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असू शकतं. म्हणून किमान 2,000 युरो वेगळे, हाताशी हवेत. खोली घेण्याआधी एकच विचारा: आनमेल्डुंग करून मिळेल का? डब्लिनला रीतसर भाडेकरूकडून डिपॉझिट आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मात्र मालकाच्याच घरात खोली घेतली, तर हे संरक्षण नाही. रहिवासी कार्डाचे 300 युरो वेगळे.

आता एकूण रक्कम बघा. लाइपझिगला सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी सहसा नसते; दोन वर्षांच्या मास्टर्सचा राहण्या-खाण्याचा खर्च 19-20 हजार युरो. डब्लिनला मास्टर्स बहुतेकदा एका वर्षाचं, त्याचे 15 हजार आणि वर फी, जी अनेक कोर्सना 15 ते 25 हजार आहे. तरीही डब्लिनच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: इंग्रजीवर पार्टटाइम काम लवकर मिळतं आणि मास्टर्सनंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळतात, जर्मनीत 18 महिने. जर्मन न येता लाइपझिगला काम मिळणं कठीण, त्यामुळे तिथला हिशेब पगार शून्य धरूनच करा. कर्ज 25 लाखांच्या आत ठेवायचं असेल, तर लाइपझिगच घ्या आणि निघण्याआधी बी-1पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल एवढं, जर्मन शिकून घ्या.